लोड, पट्टा आणि आडवं पडणं

योगा म्हटलं की मला शाळेचं मैदान आठवतं, रांगेत उभं राहून घातलेले सूर्यनमस्कार आणि सरांचं "गुडघे वाकवू नका" हे ओरडणं. त्यामुळे मैत्रिणीने रिस्टोरेटिव्ह योगाच्या क्लासला ओढून नेलं तेव्हा मी घाम पुसायला नॅपकिन वगैरे घेऊन गेलेले. हॉलमध्ये बघते तर लोड, घोंगड्या, लाकडी ठोकळे, पट्टे आणि फोल्डिंगच्या लोखंडी खुर्च्या, म्हणजे मंगल कार्यालयाची स्टोअररूमच! घाम गाळायचा नाही, या सगळ्याचा आधार घेऊन आसनात निवांत पडून राहायचं, हाच तो रिस्टोरेटिव्ह योगा.

पहिलंच आसन सुप्तबद्धकोनासन. लोड पाठीखाली उभा, म्हणजे कण्याच्या रेषेत, ठेवायचा, डोक्याखाली घोंगडीची घडी, तळवे एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोडायचे आणि कमरेमागून आणलेला पट्टा मांड्यांवरून घेऊन पावलांभोवती अडकवायचा, म्हणजे पाय निसटत नाहीत. एवढं करून मला वाटलं झालं, तर मॅडमनी येऊन माझ्या मांडीखाली हात घातला, म्हणाल्या "बघा, इथे पोकळी आहे, पाय तुम्ही स्वतः धरून ठेवलाय", आणि तिथे अजून एक घडी सरकवली. तेव्हा कुठे तो स्नायू सैल पडला, तोपर्यंत तो काम करतोय हे मला माहीतच नव्हतं. पुढची सूचना होती "पोट सोडा". आता जन्मभर फोटोत, लग्नात, साडीत पोट आत घेत आलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे कमालच आहे ना!

मग दहा मिनिटं तसंच. पहिली दोन बरी गेली, नंतर दळण आठवलं, गॅसचा नंबर लावायचा राहिला ते आठवलं, नाकाला खाज सुटली. शेजारच्या काकू तर सरळ घोरायला लागल्या, त्यांना कुणी उठवलं नाही आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटला.

हे अमेरिकन फॅड आहे असं आमच्याकडे एकजण म्हणाले. नाव तिकडेच गाजलं हे खरं, ज्युडिथ लसाटर या तिकडच्या योगशिक्षिकेने ते तिथे लोकांपर्यंत नेलं, पण त्या शिष्या आपल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या. आणि गुरुजी 1937 पासून पुण्यात, 1975 साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली, म्हणजे लोड-पट्ट्याचं हे सगळं इथलंच की. लहानपणी ते स्वतः फार आजारी असायचे, क्षयसुद्धा झालेला. ज्याचं शरीर साथ देत नाही त्याला आधार देऊन आसनात बसवायचं हे अशाच माणसाला सुचणार, असं आपलं मला वाटतं.

क्लासमध्ये जमतं, घरी मात्र अवघड आहे. आपल्याकडे बाईने भरदिवसा आडवं पडायला ताप तरी हवा नाहीतर पाहुणे जेवून गेलेले असायला हवेत. फी भरली की कशी रीतसर परवानगी मिळते! परवा हॉलमध्ये भिंतीला पाय लावून विपरीत करणी करत पडले होते तर सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "चक्कर आली का गं?" मुलगा माझ्या अंगावरून उडी मारून चार्जर घेऊन गेला. आणि नवऱ्याने आतून विचारलं, "चहा टाकलायस का?" टाकला नव्हता, आणि पाय अजून पाच मिनिटं वरच राहणार होते, तर म्हटलं आज तूच टाक, आलं जरा जास्त घाल.