रचना कळली, मग अजून काय मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. अल्फाफोल्ड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली अमिनो आम्लांच्या (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांच्या) क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवू लागली, त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. मग प्रथिनांवर प्रकाश टाकून त्यांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश बाहेर पडतो याचा आलेख, मोजण्याची गरज अजून उरली आहे का, असे मला वारंवार विचारले जाते. गरज उरली आहे, कारण रचना कळली म्हणजे प्रथिनाचे काम कसे चालते हे कळले, असे होत नाही.

मायोग्लोबिनचेच पाहा. स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या या प्रथिनाची रचना जॉन केंड्रू यांच्या गटाने १९५८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. ती अधिक बारकाईने दिसू लागली तेव्हा कोडे पडले: ऑक्सिजन ज्या लोहाच्या अणूला चिकटतो तो आत खोलवर आहे आणि तिथवर पोचायला पुरेशी वाटच त्या रचनेत नाही. प्रत्यक्षात मात्र ऑक्सिजन सेकंदाच्या लहानशा अंशात ये-जा करतो. याचा अर्थ प्रथिन सतत हलत असते आणि वाटा क्षणभर उघडून मिटत असतात.

ही हालचाल मोजण्यात माझी कारकीर्द गेली. माझे मुख्य साधन म्हणजे ट्रिप्टोफॅन, अतिनील प्रकाशात स्वतः चमकणारे अमिनो आम्ल. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश दिला की प्रथिनाच्या गाभ्यात दडलेले ट्रिप्टोफॅन साधारण ३३० नॅनोमीटरला चमकते, पाण्यात उघडे पडलेले ३५० च्या आसपास. क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत, प्रथिनाची घडी मोडणारा युरिया वाढवत नेला की आलेखाचे शिखर हळूहळू उजवीकडे, ३५० च्या दिशेने सरकते, म्हणजेच प्रथिन उलगडत जाते. 

ही चमक काही नॅनोसेकंदच टिकते आणि तेवढ्या अवधीत जे घडते त्याचीच खूण तिच्यावर उमटते. १९७३ मध्ये लाकोविच आणि वेबर या शास्त्रज्ञांनी दाबाखाली प्रथिनाच्या द्रावणात ऑक्सिजन विरघळवला, तेव्हा गाभ्यातल्या ट्रिप्टोफॅनचीही चमक मंदावली. चमक विझवायला ऑक्सिजनला ट्रिप्टोफॅनला भिडावे लागते; म्हणजे घट्ट विणीचे दिसणारे प्रथिन नॅनोसेकंदांत त्याला वाट करून देते. आमच्या क्षेत्रातला इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

अडचण अशी की क्युव्हेटमध्ये अब्जावधी रेणू असतात आणि आलेख त्यांची सरासरी सांगतो. सगळेच अर्धवट उलगडले आहेत, की निम्मे पूर्ण उलगडून निम्मे जसेच्या तसे आहेत, हे नुसत्या शिखराच्या जागेवरून ठरत नाही. त्यासाठी प्रथिनावर दोन ठिकाणी रंजकद्रव्ये जोडून, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा एकेका रेणूत तपासावी लागते. या ऊर्जेच्या देवाणघेवाणीचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घटत असल्यामुळे एखाद्या नॅनोमीटरचा फरकही स्पष्ट दिसतो.

सध्या आम्ही अल्फा-सिन्युक्लीन या मेंदूतल्या प्रथिनावर काम करतो. या प्रथिनाला पाण्यात एकच अशी ठाम रचना नसतेच. पेशीपटलाला चिकटले की त्याचे सर्पिल बनते, आणि पार्किन्सनच्या आजारात त्याचेच तंतू मेंदूच्या पेशींत साचतात. तंतू बनण्याआधी तयार होणारे लहान, अल्पजीवी पुंजके पेशींना अधिक घातक असावेत असे अनेक संशोधकांना वाटते. ते पुंजके टिकत नाहीत, म्हणून ते विरण्याआधी त्यांचे वर्णपट मिळवणे हेच आमचे रोजचे काम आहे.