आठ वजीर आणि सातवीचा वर्ग

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यात वर्ग निम्मे होतात, पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, आणि राहिलेल्यांना पुढचा धडा शिकवावा तर गेलेल्यांचं काय करायचं. म्हणून परवा सातवीला घेऊन व्हरांड्यात बसलो, शहाबादी फरशीवर खडूनं पट आखला, बाटल्यांची झाकणं घेतली (बुद्धिबळाच्या डब्यात वजीर दोनच असतात, इथं लागतात आठ) आणि म्हणलं, बसवा आठ वजीर, कुणी कुणाला मारलं नाही पाहिजे. १८४८ साली माक्स बेझेल नावाच्या जर्मन माणसानं घातलेलं कोडं हे.

आधी हत्ती दिले होते, ते लगेच झालं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रांग लावली की संपलं, हत्ती तिरपा जातोय कशाला. वजीर मात्र उभा-आडवाही जातो अन् तिरपाही, त्यानं घाम काढला.

मग लहान पट घेतले. तीन बाय तीनवर बसतच नाहीत. चारच्या पटावर एका पोरीनं डावीकडून एकेका उभ्या ओळीत २, ४, १, ३ अशी घरं धरली, बसले. सहाला २, ४, ६, १, ३, ५. "सर, आधी सम घ्यायचे, मग विषम, झालं!" म्हणलं लाव आठला. लावलं अन् फसलं. दुसऱ्या ओळीतला वजीर चौथ्या घरात, पाचव्या ओळीतला पहिल्या घरात, सरळ तिरपे समोरासमोर, आणि अशा तीन जोड्या.

"सहाला जमतंय मग आठला कामून न्हाई?"

तिला सांगितलं, सम पटाच्या आकड्यात एक मिळव, तीननं भाग गेला की तुझी युक्ती बिघडते, आठ अन् एक नऊ, दहाला परत जमेल. पटलं नाही तिला. सम तसेच ठेवून विषमांचीच उलटापालट करत बसली, खिचडीची घंटा झाली तरी उठेना, आणि शेवटी ३, १, ७, ५ वर झाकणं ठेवून सगळ्या तिरप्या ओळी बोटानं तपासल्या. बरोबर!

खरं भांडण त्यानंतर. पटाच्या चार बाजूंनी बसलेल्यांनी आपापल्या बाजूनं वहीत उतरवलं तर चौघांची चार उत्तरं. सगळी वेगळी धरली तर एकूण ९२ होतात, फिरवलेली आणि आरशातली एकच धरली तर १२, हे मी सांगितलं तसं एक जण वही पुढं करून म्हणाला, "मंग माझं येगळंच धरा सर, म्या हिकडून बसलो व्हतो."