पेन्सिलच्या सालांची फुलं

इतिहासाचं पुस्तक उघडलं की पेन्सिलला टोक करावंसं हमखास वाटतं. तसं वाटलंच तर करा, पण निघालेलं साल केरात टाकू नका. टेबलावरच्या वस्तूंमधून करता येण्याजोग्या गोष्टींत इतकं देखणं काम दुसरं नाही.

आधी सालाचं गणित समजून घ्या. शार्पनर पेन्सिलीला शंकूचा आकार देतो. त्या शंकूवरून एका फेरीत निघालेलं साल सपाट पसरलं, तर ते पूर्ण वर्तुळाच्या साधारण एक-पंचमांश भरतं. म्हणजे न तुटता सलग पाच फेऱ्या मिळाल्या की गोल पुरा होतो. नेहमीच्या ७ मिलिमीटर जाडीच्या पेन्सिलीचं फूल सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंद होतं आणि मधे सेंटिमीटरभर भोक राहतं. पेन्सिल षटकोनी असेल तर दर फेरीला काठावर सहा कमानी येतात, म्हणून पाच फेऱ्यांत तीस इवल्या पाकळ्या. गोल पेन्सिलीचा काठ सरळ येतो, त्याचे चित्रातल्या बाहुलीला फ्रॉक चांगले होतात. नटराजच्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या पेन्सिलीचा काठ दोन रंगांत निघतो, तो मला सगळ्यांत आवडतो. पाच फेऱ्यांत पेन्सिल फार तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर झिजते.

सलग साल मिळवणं हीच खरी कसोटी. डबीवाला शार्पनर नको, साल आतच चुरगळतं. साधा उघडा घ्या आणि पातं वर ठेवा, म्हणजे साल मोकळं बाहेर येईल. बोटांची पकड बदलताना पेन्सिलीवरचा दाब सुटला की त्या जागी साल पातळ होतं आणि तिथेच तुटतं. दाब हलका, पण अखंड हवा. साल भुग्यासारखं पडत असेल तर पातं बोथट झालंय, नवा शार्पनर घ्या. पेन्सिल खाली पडून आतलं शिसं तुटलेलं असेल तर तुकडा मधेच निसटतो आणि साल फाटतं. अशी पेन्सिल या कामाला घेऊच नका.

शाळेत सालं दुधात भिजवून खोडरबर करायचे प्रयोग चालायचे. लाकूड ओलं झालं की मऊ पडतं, एवढा भाग त्यातला कामाचा. साल कडक असेल तर त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडा, मग ते न तडकता वळतं.

कागद जाड कार्डशीटचा हवा. वहीचं पान फेव्हिकॉलच्या ओलीने फुगतं. देठ आणि पानं बॉलपेनने आधीच काढून घ्या, कारण शिशाच्या भुकटीवरून पेन घसरतं आणि रेघ तुटते. साल चिकटवण्याआधी वर्तमानपत्रावर हलकेच टिचक्या मारून भुकटी झाडा. बोटाने पुसायला गेलात तर करडा डाग पसरतो आणि तो खोडरबरानेही धड जात नाही.

फेव्हिकॉल कर्कटकाच्या टोकाने लावायचा, तोही फक्त आतल्या कडेला, मोहरीएवढे पाच-सहा ठिपके. पूर्ण सालाला लावला तर लाकूड पाणी पिऊन सपाट बसतं आणि पाकळ्यांचा उठाव जातो. साल मिनिटभर धरून ठेवा, मग पंधरा मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात एखादं पान वाचून होतं. कर्कटक लगेच पुसा, नाहीतर वाळलेला गोंद टोकावर बसून राहतो.

मधलं भोक भरायला पंचिंग मशीनमधून पडलेल्या पिवळ्या कागदाच्या टिकल्या छान दिसतात. तीन-चार एकमेकींवर थोड्या सरकवून चिकटवा. साल पाच फेऱ्यांआधीच तुटलं असेल तर तीन फेऱ्यांच्या तुकड्याचा मोरपिसारा होतो, एका फेरीचं फुलपाखराचं पंख होतं.

तयार झालेलं कार्ड वहीत दाबून ठेवू नका, पाकळ्या चपट्या होऊन तडकतात. कंपासपेटीच्या झाकणात आतल्या बाजूला उभं करून ठेवलं तर बरेच दिवस टिकतं.