तुम्ही विचारलंत म्हणून: गेटपासून पोर्चपर्यंत काय टाकू?

मी बांधकामातला आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. गेटपासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर काय टाकावं: पेव्हर ब्लॉक, काँक्रीट की डांबर? विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तोवर फोटो जमलेले असतात आणि घरात रंगही ठरलेला असतो. मी उलट दोन प्रश्न विचारतो. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? आणि त्या वाटेवरून वर्षाकाठी जड गाडी कोणती येते? समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय. पण या दोन गोष्टी नीट झाल्या तर वर काहीही टाका, टिकतं. त्या चुकल्या तर महागातला महाग ब्लॉकही दोन पावसाळ्यांत खाली बसतो.

हे काही माझं शहाणपण नाही. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार हाती घेतलेला स्कॉटिश माणूस जॉन मॅकॅडम हेच सांगत होता. गाड्यांचं ओझं शेवटी खालची जमीनच पेलते. ती कोरडी असेल तर पेलते, तिच्यात पाणी मुरलं की वरचा थर कितीही जाड असो, खचतो. म्हणजे रस्ता हे जमिनीवरचं छप्पर. आपल्या अंगणातल्या वाटेलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून आधी ढाळ. पन्नासास एक, म्हणजे पाच मीटरला दहा सेंटीमीटर, आणि तो घराच्या भिंतीपासून दूर. शंभरास एकपेक्षा कमी ढाळ दिला तर गवंड्याचा हात जरासा हलला तरी डबकं साचतं. जमीनच घराकडे उतरत असेल तर पोर्चच्या अलीकडे आडवा चर काढून त्यावर जाळी टाकावी लागते, त्याला इलाज नाही. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत तळाशी घातलेला ओलप्रतिबंधक थर असतो, वाटेची पातळी त्याच्या निदान १५० मिलीमीटर खाली हवी. नवा थर जुन्यावरच चढवून द्या असं सांगणारे इथेच फसतात. वाट वर येते आणि पुढे घराच्या भिंतींना ओल धरते.

आता जड गाडीचं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले, रस्ता कशाने खराब होतो ते बघायला. त्यातून निघालेला ठोकताळा असा की गाडीच्या आसावरचं, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळा पट होतं. घरच्या मोटारीच्या एका आसावर सातशे किलोच्या आसपास वजन असतं, भरलेल्या ट्रकच्या आसावर सहज सात टन. वजन दहा पट, नुकसान दहा हजार पट. हिशेब ढोबळ आहे, पण धडकी भरवायला पुरेसा. म्हणजे रोजची मोटार तुमच्या वाटेचं फारसं काही बिघडवत नाही. पाण्याचा टँकर, विटांचा ट्रक, राडारोडा न्यायला आलेला डंपर यांची एकेक फेरी वर्षानुवर्षांच्या मोटारीवर भारी पडते. अशी गाडी येणारच असेल तर ते काम सुरू होण्याआधी सांगा. आणि घराचं बांधकाम चालू असेल तर वाट सगळ्यात शेवटी करा.

पाया म्हणजे नुसती खडी पसरणं नव्हे. वरची मऊ, मुळ्या-पालापाचोळ्याची माती पूर्ण काढायची. मग मोटारीपुरती १५० ते २०० मिलीमीटर जाडीची, लहानमोठ्या आकारांची मिसळलेली खडी किंवा चांगला मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थर दाबून. एकदम सगळा भराव टाकून वरून यंत्र फिरवलं तर वरचे चार बोटं घट्ट होतात, खालचं तसंच पोकळ राहतं. ओलावाही नेमका लागतो. राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मातीचा एक ठरावीक ओलावा असतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे ती तितकी दबत नाही. पाणी मारायचं ते एवढ्यासाठी. चिखल होईपर्यंत नाही. वरचा थर टाकण्याआधी त्या उघड्या पायावरून भरलेली गाडी सावकाश पुढे-मागे न्यायला लावा. चाकाखाली जिथे जमीन दबते किंवा लवते तिथे पुन्हा उकरायचं. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या.

एवढं झाल्यावर माझा कौल विचाराल तर पेव्हर, आणि कारण दिसण्याचं नाही. उद्या पाइपलाइनसाठी खणावं लागलं तर तेच ब्लॉक काढून तेच परत बसवता येतात. मोटारीला साठ मिलीमीटरचा चालतो, ट्रक येत असेल तर ऐंशीचा. खाली जाडसर वाळूचा २५ ते ४० मिलीमीटरचा थर पुरतो. पायातले खड्डे याच वाळूने भरून काढणारे कारागीर भेटतात. तसल्या कामात चाकांच्या जागी पहिल्याच वर्षी नाल्या पडतात. मांडणी आडव्या-उभ्या ब्लॉकची, एकमेकांत अडकलेली घ्या, कारण गाडी वळताना आणि ब्रेक लागताना ब्लॉक सरकायला बघतात आणि सरळ रांगा त्यांना अडवत नाहीत. कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला काठ हवाच. तो नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि वाळू वाहून जाते.

काँक्रीटही उत्तम, पण ते तडकतं, आणि ते न तडकण्याची हमी देणाऱ्यापासून सावध राहा. सुकताना ते आकसतंच. भेग कुठे पडायची एवढंच आपल्या हातात असतं. शंभर मिलीमीटरच्या थराला अडीच-तीन मीटरवर काप घ्यायचे, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढे खोल, आणि काँक्रीट ओतल्यापासून दिवस उलटायच्या आत. भिंतीला आणि खांबाला टेकतं तिथे मऊ पट्टी घालून ते सुटं ठेवायचं. पसरायला सोपं जावं म्हणून त्यात वरून पाणी ओतू देऊ नका. सात दिवस ओलं ठेवा आणि तोवर गाडी आणू नका.

डांबराबद्दल थोडक्यात सांगतो. ते गरम असतानाच दाबावं लागतं, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या खाली गेलं की रोलर फिरवून उपयोग नाही. अरुंद जागेत पातळ थर भराभर गार होतो आणि मोठा रोलर वळत नाही. शिवाय पेट्रोल-डिझेल सांडलं की डांबर विरघळतं. लांब वाट असेल तर जरूर करा, गाडी उभी करायच्या चौकोनापुरतं नको.

दुरुस्तीत एकच गोष्ट बघायची: फक्त वरचं फाटलंय की खालचं हललंय? एकटी लांब भेग, दोन्ही कडा एका पातळीत, तर ती साफ करून लवचीक सीलंटने भरा म्हणजे पाणी आत जाणार नाही. कडा वरखाली झाल्या असतील, किंवा डांबरावर मगरीच्या पाठीसारखं जाळं उमटलं असेल, तर पाया गेला. तेवढा चौकोन सरळ कडांनी कापून, खालची ओली माती काढून पुन्हा भरावं लागतं. त्यावर काळा लेप फासणं म्हणजे पैसे पाण्यात. तसंच काँक्रीटच्या खड्ड्यात बोटभर सिमेंट-वाळू थापणं. चाक फिरलं की ते पापडासारखं सुटतं.

रोजची निगा फार नाही. पेव्हरच्या सांध्यांत उगवणारं गवत बहुतेक वेळा खालून येत नाही, वर साचलेल्या धुळीत रुजतं. म्हणून झाडू मारत राहिलं तरी अर्धं काम होतं. जोराच्या फवाऱ्याने धुतलंत तर सांध्यांतली वाळू उडते, ती लगेच परत भरा. नव्या ब्लॉकवर येणारी पांढरी पूड बघून फोन करू नका. तो सिमेंटमधला चुना आहे, बहुधा पावसाने हळूहळू जातो. ॲसिड मारायची घाई केली तर रंग मात्र जातो. आणि काम संपलं की त्याच खेपेतले डझनभर ब्लॉक मागे ठेवून घ्या, पण सावलीत नको, उन्हापावसात ठेवा, म्हणजे एखादा फुटला तर बदली ब्लॉकचा रंगही तेवढाच उतरलेला असेल.