साडेबारा ते साडेसहा : पाळणाघर शोधताना

रत्नागिरीत मुलीची सकाळची शाळा साडेबाराला सुटणार आणि ऑफिसातून घरी पोचायला साडेसहा होणार. मधल्या सहा तासांची सोय जूनसाठी हवी होती, पण शोध मार्चमध्येच सुरू केला. मे महिन्यात पाळणाघरं बघण्यात अर्थ नसतो. मुलंच नसतात, मग बघायचं काय?

पहिली चौकशी रिक्षावाल्या काकांकडे केली. कुठल्या दारात मूल उडी मारून उतरतं आणि कुठे दप्तराला धरून बसून राहतं, हे त्यांना रोज दिसतं. मारुती मंदिर ते कुवारबाव या पट्ट्यातली पाच नावं मिळाली. फोनवर तीनच प्रश्न विचारले : सध्या किती मुलं आहेत, सहा वाजता तिथे कोण असतं, आणि आम्ही न कळवता बघायला आलो तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नावर दोन नावं गळली.

उरलेली तीन प्रत्येकी दोनदा बघितली, पावणेएकला आणि पावणेसहाला. सकाळी अकराला कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. फरशी पुसलेली, भिंतीवर ससे-हत्ती, ताई निवांत.

पावणेएकला मुलं येऊन थडकतात. तेव्हा दारात कोण उभं असतं आणि हातात वही असते का, हे बघायचं. चांगल्या वहीत पाच रकाने असतात : नाव, आल्याची वेळ, कुणी आणून सोडलं, नेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. एका ठिकाणी वही होती, पण सगळ्या मुलांची वेळ एकाच शाईत, एकाच हातानं १२.४५. तीन शाळांची मुलं एकाच मिनिटाला येत नाहीत. ती वही संध्याकाळी बसून भरलेली. अशा वहीमुळे होतं काय, की न आलेलं मूल न आलेलं म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. शाळेला वाटतं मूल रिक्षात बसलं, रिक्षावाल्याला वाटतं आज आलंच नव्हतं, ताईला वाटतं आईनं घरी ठेवलं असेल. म्हणून ठरवून घ्यायचं, की नेहमीच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत मूल दारात नसेल तर फोन ताईनं करायचा. गैरहजेरी असेल तर अकराच्या आत आपण कळवायचं. आपल्याकडूनही हे चुकतं, आणि मग ताईचे फोन बंद होतात.

पावसाळ्यात हेच प्रकरण अवघड होतं. जोराचा पाऊस लागला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, पण ऑफिस चालूच. कधी शाळा मधेच सोडतात. त्या दिवशी पाळणाघर किती वाजता उघडणार आणि रिक्षाला कोण कळवणार, हे आधीच विचारावं. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर ते नाही असंच धरावं.

पावणेसहाला वेगळंच चित्र दिसतं. शिकलेली ताई साडेपाचला घरी गेलेली असते, मावशी भांडी घासत असतात आणि मुलं टीव्हीसमोर. मुलं किती आणि मोठी माणसं किती, हे याच वेळी मोजावं. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयानं २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस असं प्रमाण आहे. त्या सूचना सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मुख्यतः नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण मोजपट्टी म्हणून मी त्याच वापरल्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना यात मोजायचं नाही. कढई गॅसवर असताना त्या भांडण सोडवायला धावणार कशा?

जागेत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो संडास-बाथरूमच्या दारापाशी. आतली कडी मुलाच्या हाताला लागते पण बाहेरून उघडता येत नाही, अशी दारं जुन्या घरांत सर्रास असतात. मूल आत अडकतं, घाबरतं, आणि शेवटी दार तोडावं लागतं. उपाय साधा आहे : आतली कडी वर सरकवायची आणि दाराला बाहेरून ओढायला मूठ ठेवायची. तिथेच हात पुसायला एकच टॉवेल सगळ्यांना टांगला असेल तर डोळे आले, की आठवड्यात सगळ्यांचे येतात. भिंतीला खालून दोन फूट रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर मार्चमध्येही कळतं, की जुलैत सतरंज्या तिथेच दमट होणार.

विहिरीला कठडा बहुतेक ठिकाणी असतो, पण वर लोखंडी जाळी आणि तिला कुलूप हवं. परसात जांभ्याचे चिरे, नारळाच्या झावळ्या, शेणी-लाकडं रचलेली असतील तर मुलांचा खेळ त्या बाजूला नको; विंचवाची, फुरशाची जागा तीच. मी प्रत्येक ताईंना विचारलं, ‘विंचू चावला तर तुम्ही काय करता?’ एकीनं चिंचोका घासून लावतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या, ‘मूल हलू द्यायचं नाही, उचलून थेट सिव्हिलला, वाटेत तुम्हाला फोन.’ बरोबर तेच. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशी मुलं वाचतात, पण वेळेत पोचली तर. १०८ चा नंबर आणि रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असावा, मोबाइलमध्ये नव्हे. पावसात लाइट जाते आणि मोबाइलही बंद पडतो.

खाण्याबद्दल फार ताणू नये. दुपारी आपला डबा, चारला पेज, पोहे किंवा नाचणीचा लाडू असलं तरी पुरे. दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. पिण्याचं पाणी जूननंतर गढूळ होतं, तेव्हा ते गाळून खळाखळा उकळलेलं हवं. फक्त कोमट केलेलं नको. आणि डब्यात मासे दिले तर काटे काढूनच द्यावेत. पंधरा मुलांत बसून कुणी मांदेलीचे काटे काढून देणार नाही, तशी अपेक्षाही करू नये.

जूनमध्ये पहिला आठवडा दोनच तास ठेवलं. रोज घरी येताना ‘आज काय केलंस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ त्याऐवजी ‘जेवताना शेजारी कोण बसलं?’, ‘शू लागली तेव्हा कुणाला सांगितलंस?’, ‘आज कोण रडलं, मग ताईंनी काय केलं?’ असं विचारावं. चांगल्या-वाईट स्पर्शाचं बोलणं घरी आधीच झालेलं असावं, आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना पाठ असावा. कामावरच्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हे विचारायला मलाही संकोच वाटला. ताईंनी शांतपणे फाइल काढून दाखवली.

शेवटी एका कागदावर लिहून सह्या केल्या : महिन्याची फी, उशीर झाल्यास तासाचे किती, ताप किती असला की पाठवायचं नाही, औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आपल्याशिवाय कोण नेणार त्या दोघांची नावं आणि फोटो. सुट्ट्याही त्यातच लिहिल्या. गणपतीत दीड दिवसाचे गेले तरी ताई गौरी-विसर्जनापर्यंत गावाला, शिमग्याला पाच दिवस बंद. त्या दिवसांसाठी शेजारच्या काकूंना आत्तापासूनच सांगून ठेवलंय.