भुरी हात का लावू देत नाही

भुरीला घरी आणून दहा महिने झाले. या दहा महिन्यांत ताईने, शेजारच्या काकूंनी, कामाला येणाऱ्या मावशींनी, अगदी सिलिंडर पोहोचवणाऱ्या माणसानेसुद्धा मला एकच प्रश्न विचारला आहे: "मांजर पाळलीत आणि ती तुम्हालाच हात लावू देत नाही?" त्यातला 'तुम्हालाच' हा शब्द मला दर वेळी लागतो, आणि दर वेळी मी "तिचा स्वभावच तसा आहे" असे म्हणून विषय संपवते. ते उत्तर खरे नव्हते, म्हणून आता एकदा नीट सांगते.

भुरी आली तेव्हा पाच महिन्यांची होती. मांजराचे पिल्लू माणसाला आपले मानू लागते ते साधारणपणे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्ले मोठेपणी माणसाच्या मांडीवर अधिक वेळ टिकली आणि सातव्या आठवड्यापासून हात लागलेली त्या मानाने कमी. ते आठवडे भुरीने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हर घातलेल्या एका बंद मोटारीखाली काढले. खाणे ठेवणाऱ्या बाई तिच्यापासून चार हात दूर उभ्या राहत. माणसाचा पहिला हात तिला लागला तो पिंजऱ्यात पकडून नसबंदीला नेताना, आणि कानाचे कापलेले टोक ही नसबंदी झाल्याचीच खूण आहे. हे सगळे मला तिला आणतानाच ठाऊक होते. तरीही घर, ऊब आणि दोन वेळचे खाणे मिळाले की ती आपसूक मांडीवर येईल, असे मी धरून चालले, कारण माझ्या आजोळी चुलीपाशी झोपणारी मांजरे कुणीही येताजाता उचलत असे. ती मांजरे त्याच घरात, कणगीमागे जन्मलेली होती आणि डोळे उघडल्यापासून आम्हा मुलांच्या हातांत वाढली होती, हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

आता भुरी आल्यानंतरच्या बाराव्या दिवसाबद्दल. माझी सात वर्षांची भाची खास भुरीला बघायला आली होती. त्याआधी दोन संध्याकाळी भुरी दिवाणाखालून स्वतःहून बाहेर येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि ते किती मोठे पाऊल होते हे मला कळले नव्हते. भाची हिरमुसून बसलेली पाहून मी टॉवेल घेतला, दिवाणाखाली हात घातला आणि फिसकारणाऱ्या भुरीला गुंडाळून बाहेर काढले. हळूहळू ती शांत झाली. "बघ, काही करत नाही ती, ये, हात फिरव," असे मी भाचीला म्हणाले. आज तो टॉवेल डोळ्यांसमोर आणला की ती शांतता मला वेगळी दिसते: अंग दगडासारखे घट्ट झालेले, कान आडवे पडलेले, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळे काळेभोर झालेले, टॉवेलमधून माझ्या बोटांना जाणवणारा भराभर श्वास, आणि बाहेर आलेल्या एका पंजाचा घामाने ओला झालेला गुलाबी तळवा. भाचीने डोक्यापासून शेपटीपर्यंत अगदी हळुवार हात फिरवला. शेपटीच्या मुळाशी कातडी थरथरली, आणि पुढच्या क्षणी माझ्या मनगटावर तीन खोल ओरखडे होते, टॉवेल लघवीने भिजला होता आणि भुरी माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे गेली होती. ती दीड दिवस खाली उतरली नाही.

"मावशी, मी काय केलं?" असे भाचीने रडत विचारले. तिने मी सांगितले तेच केले होते. मी उत्तर दिले, "तू काही नाही केलंस, भुरीच दुष्ट आहे." ओरखडे केव्हाच भरून आले, पण हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरला, सरकारी रुग्णालयात रेबीजची इंजेक्शने घेतली, आणि तिथल्या रांगेतही कुणीतरी विचारलेच, "घरचीच मांजर? मग बोचकारलं कसं?"

मी तिला मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, माझ्या मनात माया होती. पण टॉवेलमधल्या जिवाला ती कुठून कळणार? मांजर स्वतः शिकार करते आणि स्वतः कुणाची तरी शिकारही होते; वरून आलेला आणि सुटू न देणारा हात तिच्यासाठी काय असतो, हे त्या दिवशीच्या मला बसवून सांगावेसे वाटते. ती त्या दिवशीची मी मात्र गप्प बसत नाही. ती विचारते, "मग नखे कशी कापायची, औषध कसे द्यायचे? सवय लावल्याशिवाय सवय कशी होईल?" या प्रश्नावर तिला पूर्णपणे खोडून काढणे मला अजून जमलेले नाही.

सध्या मी रोज संध्याकाळी जमिनीवर तिच्याकडे थोडी पाठ करून बसते आणि एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरते. यायचे असेल तर ती येते, बोट हुंगते आणि त्यावर गाल घासते. गालात आणि हनुवटीत तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, आणि तिथला स्पर्श बहुतेक मांजरांना चालतो, शेपटीजवळचा चालत नाही. मी दोन-तीन वेळा गाल खाजवते आणि हात थांबवते. तिने पुन्हा डोके पुढे केले तर पुढे जाते. शेपटीचे टोक जमिनीवर आपटू लागले की हात मागे घेते, कारण फिसकारण्याच्या कितीतरी आधीचे तिचे "पुरे" तेच असते. रात्री ती माझ्या पायांशी, गोधडीच्या कडेला झोपते. मांडीवर एकदाही आलेली नाही, कदाचित येणारही नाही, आणि याचे मला वाईट वाटत नाही असे म्हणणे खोटे होईल. दुसऱ्यांच्या घरी मांडीवर घुरघुरणारे मांजर पाहिले की माझा हात रिकामा वाटतो.

पुढच्या महिन्यात तिची वर्षाची लस आहे, म्हणजे तिला बास्केटमध्ये घालावेच लागेल. तीन आठवड्यांपासून ती बास्केट दार काढून, आत जुनी साडी अंथरून मी हॉलमध्ये ठेवली आहे आणि रोज बास्केटच्या तोंडाशी सुकटीचा एक तुकडा ठेवते. काल भुरीने पुढचे दोन पाय आत टाकून तो तुकडा खाल्ला. मागचे दोन बाहेरच होते.