डिस्ने वर्ल्डमधला रोजचा वरखर्च : माझा अनुभव

विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं हे खर्च एकदाच होतात आणि त्यांचं दुःख हळूहळू ओसरतं. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरल्यावर माझी झोप उडवली ती रोजच्या वरखर्चाने. दिवसाला किती डॉलर धरायचे, असं ज्याला विचारलं त्याने वेगळाच आकडा सांगितला. कुणी नुसती जोडी गेलेली, कुणी तान्ह्या बाळाला घेऊन, कुणी बाहेर घर भाड्याने घेऊन तिथेच स्वयंपाक केलेला. त्यांचे आकडे आमच्या काय कामाचे? आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. शेवटी एका रविवारी वही घेऊन बसले आणि आमचा हिशेब आम्हीच मांडायचा असं ठरवलं.

घरी बसून हा हिशेब करता येतो, कारण पार्कमधल्या बहुतेक खाण्याच्या ठिकाणांचे मेनू किमतींसकट डिस्नेच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर असतात. काउंटरवरून घ्यायचं मोठ्यांचं एक जेवण मी सरासरी 15 डॉलर धरलं आणि लहान मुलांचं 9. मुलीमुळे थोडा फटका बसला, कारण तिथे 10 वर्षं पूर्ण झाली की मूल मोठ्यांत गणलं जातं, तिकिटालाही आणि बुफेलाही. म्हणजे चार मोठे आणि एक लहान मिळून 69 डॉलर. मेनूवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. फ्लोरिडा राज्याचा 6 टक्के आणि तिथल्या ऑरेंज काउंटीचा (जिल्ह्याचा) अर्धा, असा साडेसहा टक्के त्यात मिळवला की साडेत्र्याहत्तर होतात. मी सरळ 75 लिहिले. वेटर येऊन वाढतो अशा ठिकाणी कराखेरीज 18 ते 20 टक्के टिप धरावी लागते, आणि सहा किंवा जास्त जण असतील तर 18 टक्के बिलातच लावलेले असतात. काउंटरवर टिप नाही. एवढ्या एका फरकामुळे बसून जेवायचं फक्त दोनदा, असा ठराव झाला.

जेवणाचे आकडे मांडून झाल्यावर मला वाटलं, काम संपलं. मग सहज खाऊच्या पानावर गेले. एक आइस्क्रीम सहा-सात डॉलरांचं. पाच जणांनी एकेक घेतलं की तीस-पस्तीस, आणि दिवसातून दोनदा झालं की जेवणाच्या बिलाला जवळपास गाठलंच. खरं गळतं ते इथे. मी जेवणावर कात्री चालवत बसले होते आणि पैसे निघून जाणार होते दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान, ऊन डोक्यावर आणि मुलं रडकुंडीला आलेली असताना. त्या वेळी कुणीही आई-बाप किंमत बघत नाही. म्हणून वहीत माणशी रकाने न करता दिवसाचे तुकडे केले: सकाळ, जेवण, दुपार, संध्याकाळ. दुपारच्या रकान्यात मुद्दाम सढळ हाताने रक्कम टाकली आणि ती दुसरीकडून काढली.

दुसरीकडून म्हणजे मुख्यतः पाण्यातून आणि नाश्त्यातून. डिस्नेच्या पार्कमध्ये बाहेरचं खाणं आणि मद्य नसलेली पेयं नेता येतात, फक्त काचेची बाटली नको. ज्या काउंटरवर मशीनची सरबतं मिळतात तिथे मागितलं की बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट देतात. हे कळल्यावर सासूबाई प्रत्येक काउंटरवर आधी त्यासाठीच उभ्या राहायच्या. "अगं, पाणी फुकट देताहेत तर बाटली कशाला विकत घेतेस?" हे मला इतक्यांदा ऐकावं लागलं की वहीतून पाण्याची ओळच खोडली. सुकं खाणं, फळं आणि नाश्त्याचं सीरियल (कॉर्नफ्लेक्ससारखं) आम्ही पहिल्याच संध्याकाळी सुपरमार्केटमधून आणलं. फ्लोरिडात किराण्यावर बहुतांशी विक्रीकर नाही, तयार खाण्यावर आहे, त्यामुळे खोलीत नाश्ता करण्यात दुहेरी बचत. पावसाचे पातळ रेनकोटही घरूनच नेले होते. उन्हाळ्यात तिथे दुपारी वीज कडाडून पाऊस येतो आणि मग दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागतं.

सगळे दिवस सारखे धरायचे नाहीत, हेही मी वहीवर बसल्यावरच ठरवलं. एप्कॉट या डिस्नेच्या एका पार्कमध्ये तलावाभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चाखायला काहीतरी असतं, म्हणून तो दिवस खाण्याचा. हॉलिवूड स्टुडिओज या दुसऱ्या पार्कमध्ये स्टार वॉर्सचा भाग आहे, तिथे स्वतःची लाइटसेबर (त्या सिनेमातली प्रकाशाची तलवार) बनवून घेता येते, किंमत 200 डॉलरांच्या वर. मुलाला ते आधीच माहीत होतं (मुलांना अशा गोष्टी कुठून कळतात कोण जाणे). अॅनिमल किंगडम बहुधा लवकर बंद होतं, म्हणून तिथली संध्याकाळ स्वस्त. मध्ये एक दिवस पार्कला सुट्टी दिली आणि डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-हॉटेलांच्या भागात गेलो. तिथे प्रवेश आणि पार्किंग फुकट. डिस्नेच्या हॉटेलांमधून फिरणारी मोनोरेल, बोटी आणि स्कायलायनर या रोपवेच्या केबिनही फुकट, आणि मुलाच्या मते त्या केबिन हीच सगळ्यात भारी राइड होती. रांग चुकवणारा लाइटनिंग लेन पास मी वरखर्चात धरलाच नाही. त्याची किंमत तारीख आणि पार्कप्रमाणे बदलते आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी घेता येतो. ज्या दोन पार्कसाठी हवा होता तेवढाच आधी घेऊन टाकला.

राहिली खेळणी. इथे वही चालत नाही, कारण मागणारं माणूस वही वाचत नाही. दोन्ही मुलांना सारख्या रकमेचं डिस्नेचं गिफ्ट कार्ड दिलं आणि सांगितलं, खेळणी, टोप्या, चाव्यांच्या साखळ्या, सगळं यातून. संपलं की संपलं. मॅजिकबँड या मनगटावरच्या पट्ट्यावरून खर्च थेट खोलीच्या बिलात टाकायची सोय असते, ती मुलांच्या बँडवर आम्ही घेतली नाही. नुसतं मनगट टेकवून वस्तू मिळायला लागली की मोठ्यांचंही भान सुटतं.

"आई, माझ्याकडे किती उरले?"
"पावतीवर बघ."
"मग ही टोपी घेतली तर?"
"तर उद्या लाइटसेबरचं स्वप्न विसर."

टोपी परत ठेवली गेली. मला एकदाही नाही म्हणावं लागलं नाही. लाइटसेबर तरीही त्याच्या एकट्याच्या कार्डात बसत नव्हती. त्याने आजीशी काय बोलणी केली ते मी विचारलं नाही.

मुलीने वेगळी वाट धरली. तिने पिनांचा, म्हणजे डिस्नेच्या चित्रांच्या छोट्या बिल्ल्यांचा, एक संच घेतला आणि मग कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावरच्या पिनांशी अदलाबदल करत राहिली. एकास एक, वर पैसे नाहीत. 1999 पासून हा उद्योग तिथे चालतो आणि एकदा घेतलेल्या संचावर मूल आठवडाभर रमू शकतं. रांगेतसुद्धा ती समोरच्याचा पट्टा न्याहाळत असायची. जुन्या यंत्रांत दोन क्वार्टर (25 सेंटची नाणी) आणि एक पेनी (एक सेंटचं नाणं) टाकून हँडल फिरवलं की चपट्या पेनीवर चित्र उमटून येतं, खर्च 51 सेंट. त्यासाठी आणि खोली साफ करणाऱ्यांच्या टिपेसाठी सुट्टे लागतात. सुट्ट्यांचं पाकीट सासूबाईंकडे होतं, आणि त्यांच्याकडून एक क्वार्टर काढणं हे बँकेतून कर्ज काढण्यापेक्षा अवघड.

रोज रात्री मी फक्त एकच गोष्ट लिहायची: दुपारच्या रकान्यात किती उरले. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या दुपारीत जमा. एप्कॉटच्या दिवशी ते सगळे गेले, त्यासाठीच होते. गिफ्ट कार्डांना मुदत नसते, म्हणून मुलीच्या कार्डावरचे नऊ डॉलर तसेच आहेत. आणि निघायच्या आदल्या रात्री खोलीचं बिल ओळ न ओळ तपासून घेतलं, कारण सकाळी विमानाच्या घाईत ते कुणी वाचत नाही.